भिंगातलं शेपूट

फ्लीट स्ट्रीट, लंडन
९ नोव्हेंबर १७७२

केझाया,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची रीत आहे, ती आज माझ्याच्याने पाळवत नाही. तुझा बाप जिवंत आहे, दुकान उघडं आहे, आणि हे पत्र तो चष्म्याशिवाय लिहितोय. एवढी खुशाली तुला पुरे.

काल कॅप्टन मर्च आला होता, ब्रिस्टॉलहून. होकायंत्र दुरुस्तीला टाकलं, आणि जाता जाता खिशातून एक छापील कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. "फेनसाहेब, लेकीने नि जावयाने झकास थाट मांडलाय हो बंदरावर. पेढीला तुमचं नावही लावलंय. बापाला आणखी काय हवं?"

काय हवं ते त्याला मी सांगितलं नाही. कार्डावर दुर्बिणीचं चित्र. खाली तुझ्या नवऱ्याचं नाव, एमॉस पेनॉक, भिंगं नि दर्यावर्दी उपकरणं. आणि त्याच्याही खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, 'लंडनच्या टोबायस फेन यांच्या दुकानी तयार झालेले'. ती ओळ वाचायला कॅप्टनला भिंग मागावं लागलं. मी नुसत्या डोळ्यांनी वाचली. मागच्या वर्षापर्यंत जवळचं वाचायला मला चष्मा लागायचा, आता लागत नाही. माणसं साठीनंतर आंधळी होतात, माझे डोळे मात्र तरुण होत चाललेत. हे तुझ्या नवऱ्याला मुद्दाम वाचून दाखव.

ती ओळ काढा. जुन्या मालकाचं नाव नव्या पाटीवर लावायची आपल्या धंद्यात पद्धत आहे, ठाऊक आहे मला. पण ती पद्धत मालकाशी हात मिळवून बाहेर पडलेल्यांसाठी आहे. एमॉस बाहेर पडला तो माझ्या शिव्या खाऊन, आणि तू बाहेर पडलीस ती त्याचा कोट हातात घेऊन त्याच्या मागोमाग.

तुला विसर पडला असेल तर आठवण करून देतो. उत्तरेकडच्या राजाच्या वेधशाळेसाठी आपण दुर्बिणीचं मोठं भिंग करत होतो. बशीएवढी काच. तेवढी मोठी नि निर्दोष काच इंग्लंडात कोणाला साधली नव्हती. एमॉसने अख्खा हिवाळा ती डांबराच्या थरावर घासली. ते भिंग पार पडलं असतं तर त्या विद्वानांच्या संस्थेला मला आत घ्यावंच लागलं असतं. शेतमजुराचा पोर, गावोगाव गाड्यावर यंत्रं घालून विजेचे खेळ दाखवत हिंडलेला, दुकानदार, वर आणि पोरीबाळींना समजतील अशी शास्त्राची पुस्तकं लिहिणारा. हे सगळं त्यांना घशाखाली उतरवावं लागलं असतं. त्यासाठीच तर त्यांचे तिघेजण त्या दिवशी माडीवर आले होते.

मी भिंग कड्यात बसवलं आणि चर्चच्या मनोऱ्यावरच्या सोनेरी गोळ्यावर रोखलं. गोळ्यावर ऊन चमकत होतं. त्या चमकेला शेपूट होतं. डावीकडे, खाली, पुसट, पण होतं. त्याआधीचे सहा महिने मला प्रत्येक भिंगात तेच शेपूट दिसत होतं, आणि प्रत्येक वेळी मी एमॉसला सांगत होतो की तुझ्या हाताला वळण उरलेलं नाही. त्या तीन सद्गृहस्थांनीही डोळा लावला आणि "फारच सुरेख, मिस्टर फेन" म्हणाले. त्यांना खिडकीची काच दाखवली असती तरी ती सुरेखच दिसली असती.

आणि मग तू बोललीस. सगळ्यांसमोर. "बाबा, एकदा फिरवून बघा ना."

फिरवून बघा. बाकावर हात पोचत नव्हता तेव्हा स्टुलावर उभं करून तुला मीच शिकवलेला पहिला धडा. डाग दिसला की भिंग कड्यातल्या कड्यात फिरवायचं. डाग भिंगाबरोबर फिरला तर भिंगाचा, जागेवर राहिला तर बघणाऱ्याचा. तो धडा तू मला दिलास, त्या तिघांच्या देखत, पहिल्या दिवशीच्या उमेदवाराला द्यावा तसा. त्यांच्यातला एकजण रुमालात हसला. मी भिंग कड्यातून काढलं, बादलीवर धरलं आणि हातोडा मारला. फेनच्या दुकानातून खोटं भिंग बाहेर जात नाही, हे निदान त्यांना कळावं.

वेधशाळेचं काम समोरच्या हॅलमकडे गेलं, हे तुला कळलंच असेल. तो आता दारात उभा राहून मला लवून नमस्कार करतो.

इथेच थांबतो. नव्या मेणबत्त्या एकदम भिकार आहेत, ज्योतीभोवती रंगीत कडी दिसतात. मेणबत्तीवाला बदलायला हवा.

टोबायस फेन


१४ डिसेंबर १७७२

केझाया,

तुझं उत्तर मिळालं. 'आम्ही तयार तिथेच झालो, खरं आहे ते छापलंय, आणि खरं पुसायचं नाही हेही तिथेच शिकलो.' वाक्य चांगलं जमलंय. माझ्या पुस्तकात चाललं असतं. माझ्या पुस्तकांतली जिज्ञासू मुलगी असंच बोलते, आणि प्रत्येक संवादाच्या शेवटी तिचा बाप बरोबर ठरतो, एवढाच फरक.

त्या पुस्तकांतले निम्मे प्रश्न तुझे होते हे मी नाकारत नाही. पण उत्तरं माझी होती.

प्रकाशक रॅडली माझ्या डोळ्यांवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढतोय. पहिल्या छपाईला वीस वर्षं होऊन गेली तरी अजून खपतं म्हणे. "फेनसाहेब, नजर फिरवा नि काय घालायचं ते घाला," म्हणाला. मी म्हटलं, "त्यात घालण्यासारखं काही उरलेलं नाही. डोळ्याबद्दल जे माणसाला ठाऊक आहे ते सगळं त्यात आहे." छापील कागद येतील तेव्हा बघेन.

घरात ग्रिग्जबाईचा जाच वाढलाय. तुझ्या पाठीमागे घर तीच सांभाळते, पण खिडक्या पुसायच्या म्हटलं की तिच्या अंगावर काटा येतो. माडीवरची खिडकी कायम धुरकटलेली. काल तिसऱ्यांदा पुसायला लावली तर फडकं आपटून म्हणते, "मालक, आता काच झिजून वारा आत येईल. पलीकडच्या छपरावरचं मांजर मला इथून दिसतंय. मिशांसकट." मी म्हटलं, मांजर मलाही दिसतंय. तर म्हणते, "ते कधीच गेलं की."

असो. तुला हसवावं म्हणून नाही, पण धंद्यातली गोष्ट म्हणून सांगतो. परवा टॅपबाई आली, मासळी बाजारातल्या टॅपची विधवा. चष्मा काउंटरवर आपटला. "अहो फेन, काय दिलंत हे? माझ्या नवऱ्याच्या थडग्यावरचं नाव मला वाचता येईना. दुसऱ्याच कुणाच्या तरी थडग्यावर फुलं ठेवून आले मी."

मी तिला उजेडात नेलं, नाकाला नाक लावून डोळ्यात पाहिलं. बुबुळामागे ढग दिसत होता. "बाई, चष्मा ठणठणीत आहे. तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय."

"माझ्या डोळ्यात? माझी आई ऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवत होती."

"आईचं सोडा. तुम्ही सगळे सारखेच. नाचता येईना अंगण वाकडं. डोळा गेला की चष्मेवाल्याच्या नावाने खडे फोडायचे."

"आणि तुम्ही हो?" म्हातारी म्हणाली. "मघापासून माझ्या टोपीशी बोलताय. तोंड खाली आहे माझं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. दुकानातले दोघं कामगार पाठ फिरवून हसले. एकाला मी आज काढून टाकलं, त्याची भिंगंही तशीच येत होती.

ओळ अजून काढली नसशील तर काढ.

टो. फे.


२२ जानेवारी १७७३

केझाया,

तुझं पार्सल मिळालं. कोंड्यात नीट बसवलेलं होतं. कोंडा किती दाबायचा हे तू विसरलेली नाहीस. आत भिंग, आणि तुझ्या हातची चिठ्ठी. दोन शब्द. 'फिरवून बघा.'

बापाला चिठ्ठी लिहायला दुसरे शब्द सुचले नाहीत तुला?

भिंग माडीवर नेलं. कडा छान मारली आहे, ती तू मारलीस हे ओळखलं. तुझा अंगठा शेवटच्या हाताला किंचित उचलला जातो. मग गोळ्यावर रोखून पाहिलं. तुमच्या भिंगालाही शेपूट आहे. डावीकडे, खाली. काच ब्रिस्टॉलच्या भट्टीची, डांबर वेगळं, पाणी वेगळं, आणि शेपूट तेच. म्हणजे खोट एमॉसच्या हातात आहे हे मी पहिल्यापासून सांगत होतो ते सिद्ध झालं. तो जिथे जाईल तिथे ते शेपूट घेऊन जाणार.

फिरवून पाहिलं नाही. फिरवायची गरजच नव्हती. ज्या डोळ्याने मी जन्मभर भिंगं पारखली तोच डोळा हा. डावा तर भिंगं घासायच्या कुरुंदाचा कण जाऊन तरुणपणीच मंदावला, तेव्हापासून सगळा कारभार उजव्याचाच. या डोळ्याने मी काचेतली केसाएवढी शीर पकडून भट्टीवाल्यांना रडवलंय. त्याला आता परीक्षेला बसवू? तुमच्यासमोर?

भिंग बादलीत टाकणार होतो, पण हातोडा जागेवर नव्हता. ग्रिग्जबाईने कुठे ठेवलाय कोण जाणे. सध्या खणात आहे.

काल कसं कोण जाणे, नॉर्विच आठवलं. तुझी आई गेल्यानंतरचा पहिला हिवाळा. सरायच्या खोलीत आपण विजेचं यंत्र मांडलं होतं, आणि दांडा फिरवायचं काम तुझं. त्या जाड्या मॅजिस्ट्रेटच्या बायकोचे केस उभे राहिले तेव्हा लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते आणि तू कोपऱ्यात दुखरा हात चोळत होतीस. नंतर आपण गरम पाव आणि ईल माशाचं कालवण खाल्लं. तू विचारलंस, "बाबा, वीज दिसते, मग हवा का नाही दिसत?" मी म्हटलं, "जिच्यातून बघायचं ती वस्तू स्वतः दिसत नाही, केझी. दिसायला लागली तर समज ती खराब झाली." तू ते वहीत लिहून घेतलंस. मीही पुढे पुस्तकात घातलं. लोकांना फार आवडलं.

त्या मुलीने मला त्या तिघांपुढे हसं करावं, हे मला आजही गिळता येत नाही. पैसा गेला, काम गेलं, संस्था गेली, ते सगळं सोसलं. हे मात्र सोसवत नाही.

टो. फे.


१९ फेब्रुवारी १७७३

केझाया,

हे मी तुला का लिहितोय ठाऊक नाही. लिहायला दुसरं कोणी नाही, हे कारण धर.

तुमच्या भिंगाचं शेपूट एमॉसच्या हाताचं, हे मी तुला लिहिलं होतं. मग मनात आलं, त्या हॅलमचं भिंग बघू. वेधशाळेचं काम त्याने माझ्या नाकावर टिच्चून नेलं, तर त्याची कारागिरी एकदा पाहून खात्रीने थुंकावं. ग्रिग्जबाईला गिऱ्हाईक बनवून समोर पाठवलं आणि एक भिंग आणवलं.

त्यालाही शेपूट आहे.

एमॉसने हॅलमकडे कधी काम केलेलं नाही. काच हॅलम परदेशातून मागवतो. मी दोन दिवस विचार केला आणि या निष्कर्षाला आलो की अख्ख्या युरोपात आता चांगली काच होत नाही. भट्ट्यांमध्ये कोळसा वापरायला लागल्यापासून धूर काचेत मुरतो. यावर एक निबंध लिहायला घेतलाय. चार पानं झाली आहेत.

तेवढ्यात हॅलम स्वतः दुकानात आला. टोपी काढून उभा. मी म्हटलं, "काय, गिऱ्हाईक फितवायला आलात की शिकायला?"

"तुमच्या ग्रिग्जबाईंना इथे सगळी गल्ली ओळखते," तो म्हणाला. "माझं भिंग हवं होतं तर हाक मारायची होतीत, मीच आणून दिलं असतं. फेन, मी भांडायला आलेलो नाही. एक गोष्ट बरेच दिवस सांगायची होती, जीभ रेटत नव्हती."

"आता रेटतेय वाटतं."

"तुमच्याकडून नेलेले चष्मे लोक माझ्याकडे घेऊन येतात. वर्ष, दीड वर्ष झालं. डोळे ओढतात म्हणतात, जमीन वाकडी दिसते म्हणतात. मी बघतो तर भिंगाचा मध्यच सरकलेला असतो. कुठे काचेत शीर, डोळ्याला खुपेल एवढी. मी बदलून देतो आणि गप्प बसतो. तुमच्या हाताखालून असं काम जाईल यावर कोणाचा विश्वास बसला नसता, माझाही नव्हता. शेवटचं प्रत्येक भिंग कोण पारखतं तुमच्याकडे?"

"मी पारखतो."

तो दाराकडे वळला. टोपी घातली, पुन्हा काढली. "तुमची मुलगी असताना असं कधी आलं नाही," एवढं म्हणाला आणि गेला.

खोटारडा. बोहारणीच्या पोटी जन्मलेला दलाल. माझं नाव बुडवल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, म्हणून बाजारात आधीच पेरून ठेवलंय सगळं. मी त्याच्या मागे दारापर्यंत गेलो होतो, आणखी चार शब्द सुनवायला. रस्त्यात कोणाला तरी सुनावलेही. तो हॅलम नव्हता. कोळसेवाला होता. तो म्हणाला, "बाबा, घरी जा, थंडी आहे."

मला बाबा म्हणाला, एक कोळसेवाला.

निबंध पुढे सरकत नाही.

टो. फे.


२ एप्रिल १७७३

केझी,

फिरवलं.

हे पत्र इथेच संपवलं असतं तरी तुला सगळं कळलं असतं, पण तू माझ्या हाताखाली शिकलीस, तुला रीत सांगायला हवी.

रॅडलीकडून पुस्तकाचे छापील कागद आले. सकाळी चहा घेताना वाचत होतो. अर्थात चष्म्याशिवाय. मोतीबिंदूचं प्रकरण आलं. वीस वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं, आणि तेव्हापासून पुन्हा न वाचलेलं. त्यात असं आहे: 'या रोगात कित्येकांना जवळचं वाचायला चष्मा लागेनासा होतो, आणि ते मोठ्या आनंदाने सांगत सुटतात की आमचे डोळे तरुण झाले. रोगी आधी मेणबत्तीला दोष देतो, मग खिडकीला, मग चष्मेवाल्याला.'

किती सोपं लिहिलंय. पोरांनाही समजावं असं. लोक म्हणायचे फेनची लेखणी म्हणजे दिवा आहे. ग्रिग्जबाईने विचारलं, "मालक, चहा गार होतोय, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, खिडकी पुसू नकोस आता.

मग माडीवर गेलो. खणातून तुझं भिंग काढलं, कड्यात बसवलं, गोळ्यावर रोखलं. शेपूट डावीकडे खाली. भिंग पाव वळसा फिरवलं. शेपूट डावीकडे खाली. पुन्हा फिरवलं. तिथेच. पूर्ण वळसा झाला तरी ते हललं नाही. मग मी भिंग तसंच ठेवलं आणि मान वाकडी केली. शेपूट माझ्या मानेबरोबर फिरलं.

खाली येऊन ग्रिग्जबाईला म्हटलं, हातोडा दे. ती म्हणाली, "देणार नाही, जानेवारीपासून पिठाच्या पिंपात आहे तो, आणि तिथेच राहणार." मी म्हटलं, बरं.

ते मोठं भिंग चांगलं होतं. इंग्लंडातलं सगळ्यांत चांगलं असणार. आता ते पाहून सांगायला भिंगही नाही आणि डोळाही नाही. त्याचे तुकडे बादलीतून भट्टीवाल्याकडे गेले, तो अशा काचेचे पेले करतो. एमॉसचा हिवाळा सध्या कुठल्यातरी खानावळीत बिअर भरून टेबलावर आदळत असेल. त्याला सांग. मी सांगितलं म्हणून सांग. तो काय म्हणतो ते मला कळवू नकोस.

हॅलमही खरं बोलत होता. हे लिहिताना दात दुखतात, पण खरं बोलत होता. ज्या भिंगांना मी हातोडा मारला ती चांगली होती, आणि जी पास केली त्यांतली कित्येक कचरा होती. टॅपबाईसारखी माणसं माझं नाव बघून ती विकत घेत होती.

म्हणून ती ओळ काढ. नोव्हेंबरात काढ म्हणालो ते तुम्ही त्या नावाच्या लायकीचे नाही म्हणून. आता उलटं झालंय. बंदरावर उद्या एखादा कप्तान तुमच्या दारात यायचा, ती ओळ वाचायचा, लंडनला ऐकलेलं आठवायचा आणि पुढच्या दुकानात जायचा. तुझं भिंग मी पूर्ण वळसा फिरवून पाहिलंय. त्यात दोष नाही. एवढं सांगण्यापुरता हा डोळा अजून चालतो. 'तिथेच तयार झालो, खरं पुसायचं नाही' असं मला पुन्हा लिहू नकोस. या वेळी ऐक.

दुकान मी बंद करतोय. हॅलमने उरलेल्या कामगाराला घेतलं, मी काढलेल्यालाही. त्याने ते पुन्हा टोपी हातात घेऊन केलं, त्यामुळे त्याचा राग करायचीही सोय राहिली नाही.

तू येशील, असं मनात आणू नकोस. आलीस तर मी जिना उतरणार नाही, आणि तू वर आलीस तर मला तुझं तोंड नीट दिसणार नाही, त्यापेक्षा नकोच. एक शल्यवैद्य आहे, सुई घालून मोती खाली ढकलतो. रोग्याने डोळा उघडा ठेवून स्थिर बसायचं. माझ्या पुस्तकात लिहिलंय की यात फारसं दुखत नाही. ते मला कोणी सांगितलं होतं, आठवत नाही. बहुधा मीच ठरवलं असेल, वाक्य गोड व्हावं म्हणून.

काल रॅडली कागद परत न्यायला आला. मोतीबिंदूच्या प्रकरणात मी एका वाक्याला चार शब्द जोडले होते. त्याने कागद खिडकीशी नेला आणि मोठ्याने वाचलं. "रोगी आधी मेणबत्तीला दोष देतो, मग खिडकीला, मग चष्मेवाल्याला, आणि शेवटी स्वतःच्या मुलीला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "फेनसाहेब, हे गमतीचं वाटेल. शास्त्राच्या पुस्तकात मुलगी कुठून आली?"

मी म्हटलं, "बाकाशेजारी उभी होती. छापा."

तुझा बाप